सावलीला दिलेले गुण

एक्स-रेच्या अहवालात शेवटच्या ओळीत बहुधा एक आकडा असतो. 'उजवा खुबा, ग्रेड २' किंवा 'डावा खुबा, ग्रेड ३'. कधी कधी त्याच्या आधी 'के-एल' अशी दोन अक्षरेही असतात. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा असा अहवाल आला की तो आकडा सगळ्या घराला पाठ होतो. व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो फिरतो, पुण्याची भाची आणि परदेशातला पुतण्या आपापली मते देतात, आणि ज्याचे दुखते त्याला कोणी काही विचारायच्या आतच निकाल लागलेला असतो.

मी जन्मभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवले. डॉक्टरकीतले मला काही कळत नाही. पण कोणी ठामपणे एखादी गोष्ट सांगितली की 'हे कोणी ठरवले? कधी? आणि कशासाठी?' हे तीन प्रश्न विचारायची सवय लागली आहे, ती निवृत्तीनंतरही सुटत नाही. मुलांना मी सांगत असे की ताम्रपट कितीही जुना असला तरी तो कोणी कोणाला कशासाठी दिला हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नये. मग एक्स-रेवरच्या आकड्याला तरी वेगळा न्याय का? म्हणून गेले काही आठवडे मी या 'ग्रेड'चा माग काढत होते. घरात डॉक्टर असलेल्या एका पुतण्याने कठीण शब्द सोपे करून दिले. जे हाती लागले ते इतके वेधक निघाले की तुम्हा सर्वांना सांगावेसे वाटले.

आधी खुबा म्हणजे काय ते स्पष्ट करते, कारण आपल्याकडे कंबर आणि खुबा यांची नेहमी गल्लत होते. आपण 'कंबर धरली' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा पाठीच्या खालच्या भागाबद्दल बोलत असतो. खुबा म्हणजे शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला उखळीचा सांधा. कटीच्या हाडात एक खोलगट वाटी असते आणि मांडीच्या हाडाचे चेंडूसारखे गोल टोक तीत बसलेले असते. वाटी आणि चेंडू या दोन्हींवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. त्यामुळे आपण मांडी घालतो, उकिडवे बसतो, जिना चढतो, आणि हाडावर हाड घासत नाही. या सांध्याचे दुखणे साधारणपणे जांघेत जाणवते, मांडीत उतरते आणि कित्येकदा थेट गुडघ्यात दुखते. खुबा बिघडलेला माणूस महिनोन्महिने गुडघ्याला तेल चोळत बसलेला असतो, असे डॉक्टर मंडळी सांगतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एक्स-रे. विल्हेल्म राँटजेन या जर्मन शास्त्रज्ञाला ८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्युर्त्सबुर्ग येथील प्रयोगशाळेत हे किरण सापडले. त्याच डिसेंबरात त्याने आपल्या पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले, त्यात हाडे आणि बोटातली अंगठी दिसते. काही महिन्यांतच जगभरचे डॉक्टर हे किरण वापरू लागले. १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल राँटजेनला मिळाले. हा भाग बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून तिथे थांबत नाही.

पण एक गोष्ट मला आजवर माहीत नव्हती. एक्स-रे ही खरे तर सावली असते. हाडातल्या चुन्यामुळे किरण अडतात आणि फिल्मवर हाड पांढरे उमटते. कूर्चा किरणांना अडवत नाही, म्हणून ती उमटत नाही. गंमत पाहा, या आजारात झिजते ती मुख्यत्वे कूर्चा, आणि एक्स-रेत दिसत नाही तीही कूर्चाच! चेंडू आणि वाटी यांच्यामध्ये जी काळी फट दिसते ती रिकामी नसते, तिथे कूर्चेचे अस्तर असते. निरोगी खुब्यात ही फट साधारण तीन ते पाच मिलिमीटर असते. कूर्चा झिजली की फट अरुंद होते. म्हणजे डॉक्टर जे पाहतात ते दिसणाऱ्या दोन हाडांवरून न दिसणाऱ्या गोष्टीचे केलेले अनुमान असते. इतिहासातही आपण हेच करतो. वाडा पडलेला असतो, उरलेल्या जोत्यावरून तो केवढा होता ते सांगायचे.

म्हणूनच खुब्याचा एक्स-रे काढताना तंत्रज्ञ पायाचे अंगठे आत वळवून धरायला सांगतो. पाय साधारण पंधरा अंशांनी आत वळला की मांडीच्या हाडाची मान पूर्ण लांबीने दिसते. सावली आहे ना, वस्तू थोडी फिरली की सावलीचा आकार बदलतो.

फटीखेरीज आणखीही काही खुणा असतात. हाडाच्या कडेला नवे हाड वाढते, त्याला आपल्याकडे काटा वाढला म्हणतात. कूर्चेखालचे हाड घट्ट होऊन जास्त पांढरे दिसते. हाडात लहान पोकळ्या दिसतात. आणि शेवटी चेंडूचा आकारच बदलतो, तो चपटा होतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टर या खुणा ओळखत होते. अडचण एवढीच की किती खुणा म्हणजे किती आजार, याचे सगळ्यांना मान्य असे माप नव्हते. एकाचे 'थोडेसे' ते दुसऱ्याचे 'बरेच' असे.

हे माप तयार झाले ते इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात.

लँकेशायर हे नाव आपण इतिहासात वेगळ्या संदर्भात शिकलो आहोत. मँचेस्टरच्या गिरण्यांचे कापड आपल्या बाजारात आले आणि इथला विणकर देशोधडीला लागला, हा धडा मी कितीदा शिकवला असेल! पण त्या गिरण्यांत आणि भोवतालच्या कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या माणसांच्या हाडांचे काय झाले, हे त्या धड्यात नव्हते. खाणीत ओणवे होऊन, गुडघ्यांवर बसून काम करायचे, अंगावर पाणी ठिबकायचे. पाठ, गुडघे, खुबे दुखतात म्हणून कामगार घरी बसत. त्या सगळ्याला एकच नाव होते, 'ऱ्हुमॅटिझम', आपल्या 'वाता'सारखेच. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली ब्रिटनमधल्या कोळसा खाणी सरकारच्या मालकीच्या झाल्या. हे दुखणे कामामुळे होते की वयामुळे, ओलीमुळे होते की वजन उचलल्यामुळे, हा प्रश्न आता केवळ वैद्यकीय राहिला नव्हता.

त्याचा शोध घेणाऱ्यांत मँचेस्टरचे दोन डॉक्टर होते. जोनास केल्ग्रेन आणि जॉन लॉरेन्स. एक्स-रेवरच्या 'के-एल'मधले के आणि एल ते हेच. केल्ग्रेन १९५३ साली मँचेस्टर विद्यापीठात संधिवातशास्त्राचे प्राध्यापक झाले. या विषयाचे ब्रिटनमधले ते पहिले प्राध्यापकपद. लॉरेन्स हे 'एम्पायर ऱ्हुमॅटिझम कौन्सिल' या संस्थेच्या पाहणी पथकाचे काम पाहत. १९५२ साली खाण कामगारांवरचा त्यांचा अभ्यास दोन भागांत छापला गेला. पहिला भाग कामगारांच्या तक्रारींविषयी आणि दुसरा भाग एक्स-रेविषयी. खाण कामगारांच्या कण्यात आणि गुडघ्यांत कचेरीत बसणाऱ्यांपेक्षा जास्त झीज दिसली. एका भागात माणसाचे बोलणे आणि दुसऱ्या भागात त्याचे हाड, ही विभागणी मला फार बोलकी वाटली. पुढच्या सगळ्या गोष्टीचे बीज त्यात आहे.

आता त्यांच्यापुढे अडचण अशी होती. कामगार सांगतो त्यावर मोजणी करायची तर एक सोसणारा असतो, एक लगेच बोलून दाखवणारा. कोणाला नोकरी जाईल अशी धास्ती, कोणाला भरपाईची आशा. शिवाय खाण कामगाराच्या दुखण्याची तुलना कारकुनाच्या दुखण्याशी कशी करणार? एक्स-रेला यातले काही नसते. फिल्म कुरकुरत नाही आणि लपवतही नाही. तपासणाऱ्याला ती कोणाची आहे हे सांगितले नाही, तर तो पक्षपातही करू शकत नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी आसन क्रमांक असतो तो ह्याच कारणासाठी.

मग १९५७ साली 'ॲनल्स ऑफ द ऱ्हुमॅटिक डिसीजेस' या मासिकात केल्ग्रेन आणि लॉरेन्स यांचा एक नऊ पानांचा लेख आला. खाणी आणि सूतगिरण्या असलेल्या ली नावाच्या गावातून ५५ ते ६४ वयाची ८५ माणसे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली. हात, मणके, खुबे, गुडघे अशा निरनिराळ्या सांध्यांचे एक्स-रे काढले. प्रत्येक सांध्याला शून्य ते चार असे गुण द्यायचे ठरले. शून्य म्हणजे काही नाही, एक म्हणजे शंकास्पद, दोन म्हणजे किरकोळ पण नक्की, तीन मध्यम, चार तीव्र. दोनपासून पुढे आजार धरायचा.

यानंतर त्यांनी जे केले त्यामुळे माझ्यातली शिक्षिका सुखावली. दोघांनीही त्याच फिल्म स्वतंत्रपणे तपासल्या, आणि पुन्हा काही काळाने तपासल्या. बोर्डाच्या पेपरांचे मॉडरेशन ज्यांनी केले आहे त्यांना याचे महत्त्व सांगायला नको. एकाच निबंधाला एक परीक्षक दहापैकी सात देतो आणि दुसरा चार. एवढेच काय, मी सकाळी तपासलेला निबंध संध्याकाळी पुन्हा हातात आला तर तेच गुण पडतील याची खात्री नसते. या दोघांचे गुडघ्यांच्या बाबतीत चांगले जुळले. खुब्यांच्या बाबतीत ते त्याहून बरेच कमी जुळले. आणि हे त्यांनी झाकून ठेवले नाही, आकड्यांनिशी छापले. आपल्या मापाची मर्यादा मापाबरोबरच सांगणारे लोक मला फार आवडतात.

१९६१ साली रोममध्ये भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेत लोकसंख्येच्या पाहणीसाठी ही पद्धत मान्य झाली. १९६३ साली नमुन्याच्या एक्स-रे चित्रांचा संग्रह पुस्तकरूपाने निघाला. त्यातले चित्र समोर ठेवायचे, आपली फिल्म शेजारी धरायची आणि गुण द्यायचे. आपल्याकडे आदर्श उत्तरपत्रिका असते तसेच.

'लोकसंख्येच्या पाहणीसाठी' हे शब्द कृपया पुन्हा एकदा वाचा. तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे 'कशासाठी?' याचे उत्तर त्यात आहे. हे माप एका गावाची दुसऱ्या गावाशी, खाण कामगारांची कारकुनांशी तुलना करण्यासाठी तयार झाले. एका माणसाला किती दुखते हे सांगण्यासाठी नाही. दुखणे तर त्यांनी हेतुपुरस्सर बाजूला ठेवले होते!

आणि ते बाजूला ठेवणारे केल्ग्रेन कोण होते, ते ऐका. १९३८-३९ च्या सुमारास, तरुणपणी, लंडनमध्ये सर थॉमस लुईस यांच्या हाताखाली काम करत असताना त्यांनी स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या स्नायूंत व अस्थिबंधांत तीव्र मिठाच्या पाण्याची सुई टोचून घेतली होती. दुखणे कुठे उमटते ते पाहायचे होते. सुई एका जागी आणि ठणका भलत्याच जागी, असे वारंवार आढळले. त्यांनी माणसाच्या आकृत्या काढून त्यांवर दुखण्याचे नकाशे रंगवले. खुब्याचे दुखणे गुडघ्यात का जाणवते, यासारखे कोडे सुटायला अशा कामाचा आधार मिळाला. म्हणजे वेदना किती फसवी असते हे ज्याला स्वतःच्या शरीरावर कळले होते, त्यानेच पुढे वेदना वगळून माप तयार केले. त्यांना वेदनेची पर्वा नव्हती म्हणून नव्हे. दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्यांना नीट माहीत होते म्हणून, असे आपले मला वाटते.

पुढे १९६६ साली लॉरेन्स यांनीच सहकाऱ्यांबरोबर दुखणे आणि एक्स-रे यांचा मेळ घालून पाहिला. ग्रेड जितकी वरची तितके दुखणाऱ्यांचे प्रमाण जास्त, हे खरे ठरले. पण खुणा स्पष्ट असूनही काहीच न दुखणारी माणसे पुष्कळ निघाली.

हे इथे लिहिताना घरचे उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या मोठ्या जाऊबाईंचे वय ८१. दोन वर्षांपूर्वी त्या घसरून पडल्या म्हणून एक्स-रे काढला. हाड शाबूत होते, पण अहवालात 'खुबा, ग्रेड ३' आले. एका डॉक्टरांनी (नाव कशाला घ्यायचे?) फिल्म दिव्यासमोर धरली आणि जाऊबाईंकडे न पाहताच ऑपरेशनला कोणता महिना सोयीचा ते विचारले. जाऊबाई म्हणाल्या, 'पण मला दुखत नाही हो. मी पडले म्हणून आले.' त्या आजही दोन मजले चढून गच्चीवर पापड वाळवायला जातात. उलट माझी जांघ दीड वर्ष ठणकत होती, रात्री कूस बदलता येत नव्हती, आणि माझ्या फिल्मवर 'ग्रेड १'. घरचे म्हणाले, 'मग काही नाही, वयाचे आहे.' ज्याचे जळते त्याला कळते, दुसरे काय! शेवटी एका फिजिओथेरपिस्ट मुलीने मला चालायला लावले, पाय उचलून पाहिला, तासभर प्रश्न विचारले आणि व्यायाम शिकवले. पाच-सहा महिन्यांत मी पुन्हा मंडईत जाऊ लागले.

असो. पुन्हा इतिहासाकडे वळू.

खुब्याच्या बाबतीत या मापावर खरा आक्षेप आला तो १९९० साली. पीटर क्रॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये एक युक्ती केली. मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी पोटाचे जे एक्स-रे काढतात त्यांत खुबेही येतात. अशा ६० ते ७५ वयाच्या १३१५ पुरुषांच्या जुन्या फिल्म त्यांनी तपासल्या. काटे, पोकळ्या, हाडाचा पांढरेपणा, फटीची रुंदी, सगळे निरनिराळे मोजले आणि यातल्या कशाचा दुखण्याशी जास्त संबंध लागतो ते पाहिले. उत्तर आले, फटीचा. एकूण ग्रेड देण्यापेक्षा फट सर्वांत अरुंद जिथे आहे तिथे पट्टी लावून मिलिमीटर मोजा. अडीच मिलिमीटर किंवा कमी म्हणजे झीज, दीड किंवा कमी म्हणजे जास्त झीज. काटे असले आणि फट शाबूत असली तर त्याचा फार बाऊ नको.

हेच माप घेऊन १९९२ साली त्यांनी इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांचे खुबे तपासले. बैठे काम करणाऱ्यांपेक्षा शेतकऱ्यांत खुब्याची झीज कितीतरी पट जास्त आढळली. आयुष्यभराचे ओझे त्या दोन-तीन मिलिमीटरांत उतरलेले होते. समूहाला लावले की हे माप काय काम करते ते इथे दिसते. एकेकट्या शेतकऱ्याला 'वय झाले' म्हणून घरी पाठवता येते. दोनशे शेतकऱ्यांची फट अरुंद निघाली की तसे म्हणता येत नाही.

याच मापांमुळे देशादेशांची तुलनाही करता आली, आणि तिथे आपला संबंध येतो. १९६७ साली 'इंडियन जर्नल ऑफ ऑर्थोपेडिक्स'मध्ये मुखोपाध्याय आणि बरुआ यांनी भारतीयांच्या खुब्याच्या झिजेवर लेख लिहिला. युरोपात वयाबरोबर आपोआप होणारी खुब्याची झीज आपल्याकडे विरळा, असा त्याचा आशय. १९७३ साली हाँगकाँगच्या चिनी लोकांतही तेच दिसले. २००२ साली बीजिंगमधल्या वृद्धांचे एक्स-रे अमेरिकेतल्या गोऱ्या वृद्धांच्या एक्स-रेशी त्याच कसोट्यांवर ताडून पाहिले, तर तिथे खुब्याची झीज ८० ते ९० टक्क्यांनी कमी निघाली. गुडघ्यांचे मात्र उलट. बीजिंगच्या बायकांचे गुडघे अमेरिकन बायकांपेक्षा जास्त झिजलेले होते.

असे का, यावर पुष्कळ विचार झाला आहे. उकिडवे बसण्याच्या सवयीने खुब्याचे रक्षण होते का, असा तर्क पूर्वीपासून आहे, पण तो सिद्ध झालेला नाही. दुसरा धागा हाडाच्या आकाराचा. १९६५ साली मरे या ब्रिटिश क्ष-किरणतज्ज्ञाने दाखवले की झिजलेल्या कित्येक खुब्यांत चेंडूची घडण मुळातच किंचित कललेली होती. २००३ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न येथील गान्झ आणि सहकाऱ्यांनी मांडले की चेंडू किंवा वाटीची कड वेडीवाकडी असली तर हालचालीत ती एकमेकांवर आपटते आणि कूर्चा खरवडली जाते. ज्याला आपण 'आपोआप झालेली झीज' म्हणत होतो, तिची सुरुवात तरुणपणातल्या आकारात होती. हे सगळे ओळीने मांडलेल्या फिल्म पाहूनच कळले.

आपल्या महाराष्ट्रातला एक प्रयत्न मला याच्या जोडीला ठेवावासा वाटतो. भिगवण म्हटले की आपल्याला उजनीच्या पाण्यातले रोहित पक्षी आठवतात. पण १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने आखलेली ही पद्धत 'कॉपकॉर्ड' नावाने ओळखली जाते. ती नेमकी उलट्या टोकाने सुरू होते. आधी विचारायचे, 'दुखते का? कुठे दुखते?' माणसाच्या आकृतीवर जागा दाखवायची. मग डॉक्टरांची तपासणी, आणि गरज वाटली तर एक्स-रे. केल्ग्रेन यांनी तरुणपणी रंगवलेल्या आकृत्यांची मला इथे आठवण झाली. लीमध्ये आधी सावली मोजली, भिगवणला आधी माणसाचे ऐकले. प्रश्न वेगळे होते म्हणून रीतही वेगळी.

आता सर्वांत महत्त्वाचे. २०१५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या ९४६ लोकांचा अभ्यास छापून आला. ज्या खुब्यांत वारंवार दुखत होते, त्यांपैकी जेमतेम १६ टक्के खुब्यांत एक्स-रेवर झीज दिसली. आणि ज्या खुब्यांत एक्स-रेवर झीज दिसली, त्यांपैकी फक्त २१ टक्के खुबे वारंवार दुखत होते. दुसऱ्या एका मोठ्या गटातही चित्र असेच होते. याचा अर्थ दुखणे खोटे किंवा एक्स-रे खोटा असा नव्हे. खुब्याभोवतीचे दुखणे पाठीतून, स्नायूंतून, कंडरांतूनही येते. आणि झिजलेला सांधा वर्षानुवर्षे मुकाट काम करत राहू शकतो.

डॉक्टरांच्या संस्थांनी हे मान्य केलेले आहे. अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या १९९१ च्या कसोट्यांत पहिली अट खुबा दुखण्याची आहे, एक्स-रेच्या खुणा त्यानंतर. इंग्लंडच्या 'नाईस' या संस्थेचे २०२२ चे मार्गदर्शन तर सांगते की पंचेचाळिशीपुढच्या माणसाला हालचालीबरोबर सांधा दुखत असेल आणि सकाळचा ताठरपणा नसेल किंवा अर्ध्या तासात सुटत असेल, तर झीज ठरवायला एरवी एक्स-रेची गरज नाही. दुखण्याने रोजचे जगणे किती अडते, यावर ऑपरेशनचा विचार करावा.

म्हणून कोणी असे समजू नये की एक्स-रे काढूच नये. पडल्यावर, अचानक असह्य दुखू लागल्यावर, ताप असताना, वजन घटत असताना तपासणी हवीच. चेंडूचा रक्तपुरवठा तुटण्याचा आजार तर सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसतही नाही, त्याला एमआरआय लागतो. आणि ज्यांचे पाऊल दुखण्याने उंबऱ्याबाहेर पडत नाही त्यांना सांधा बदलणे हे वरदान आहे. ते वरदानही लँकेशायरचेच बरे का! जॉन चार्नली यांनी १९६२ च्या नोव्हेंबरात रायटिंग्टनच्या रुग्णालयात प्लॅस्टिकची वाटी आणि धातूचा चेंडू बसवून आजच्या खुबाबदलाचा पाया घातला. ते रुग्णालय ली गावापासून फार दूर नाही.

लीच्या आसपासच्या खाणी केव्हाच बंद झाल्या. केल्ग्रेन २००२ साली गेले. ज्या ८५ माणसांच्या सांध्यांवरून हे माप ठरले त्यांची नावे कोणाला माहीत नाहीत. राहिला तो शून्य ते चारचा आकडा, आणि तो आता इथल्या तालुक्याच्या गावातल्या एक्स-रे केंद्रातही लिहिला जातो.

निकालपत्रावर मी हजारो मुलांचे गुण लिहिले. गणितात पस्तीस पडलेल्या मुलाला मी कधी 'तू पस्तीस टक्के माणूस आहेस' असे म्हटले नाही, आणि कोणी म्हणू लागले तर म्हणू दिले नाही. ते गुण त्या दिवशीच्या त्या पेपराचे होते. एक्स-रेवरचे गुणही तसेच, त्या दिवशीच्या त्या सावलीचे. तेव्हा घरात पुढच्या वेळी असा अहवाल येईल तेव्हा तो जरूर वाचा, डॉक्टरांना दाखवा. पण त्याआधी ज्याचा अहवाल आहे त्याच्याजवळ बसा आणि विचारा, कुठे दुखते, रात्री झोप लागते का, जिना चढता येतो का, मोजा पायात घालता येतो का. या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही फिल्मवर उमटत नाहीत.